खोट्या रुग्णाची खरी नाडी

हेडसेट चढवलेली प्रशिक्षणार्थी गुडघ्यांवर बसते. तिच्या डोळ्यांसमोर बोगद्यात आडवी झालेली बस आहे, धूर आहे, मागून कुणीतरी ओरडतंय. पुढ्यात पडलेल्या माणसाचं मनगट ती हातात घेते आणि अंगठ्याच्या मुळाशी बोटं टेकवते. खोलीत बस नाही, धूर नाही. पण त्या माणसाच्या जागी रबरी कातडीचा, माणसाएवढा पुतळा खरोखर पडलेला आहे आणि त्याच्या मनगटात नाडी उडते आहे.

डोळ्यांना दिसणारं मनगट आणि बोटांना लागणारं मनगट एकाच ठिकाणी असलं, तर सगळं सुरळीत पार पडतं. दीड-दोन सेंटिमीटरचा फरक पडला, तर बोटं हाडावर जातात आणि नाडी लागत नाही. मनगटाची नाडी लागत नसेल तर जखमीला सर्वांत तातडीची लाल पट्टी बांधायची, हे तिला शिकवलेलं आहे. ती लाल पट्टी बांधते आणि पुढच्या जखमीकडे सरकते. संगणकाच्या नोंदीत त्या माणसाची नाडी चालू होती, पट्टी पिवळी हवी होती. म्हणून तिचा एक गुण जातो.

ही चूक तिची की यंत्राची? या प्रश्नाचं उत्तर देता येत नसेल, तर तिला मिळालेल्या गुणांना काडीचाही अर्थ नाही. आपत्कालीन वैद्यकीय प्रशिक्षणातल्या मिश्र वास्तवाचा खरेपणा कसा जोखायचा, हा या प्रकरणाचा विषय आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. 'हे किती खरं दिसतं' असं विचारणं बहुतेक वेळा निरुपयोगी असतं. ज्या खुणेवरून शिकणारा निर्णय घेतो ती खूण खरी आहे का, आणि त्याने चुकीचं काही केलं तर त्याचा परिणामही चुकीचाच होतो का, हे विचारायला हवं.

मिश्र वास्तव म्हणजे काय, याची सर्वांत उपयोगी मांडणी पॉल मिलग्रम आणि फुमिओ किशिनो यांनी १९९४ साली केली. एका टोकाला आपलं नेहमीचं जग, दुसऱ्या टोकाला पूर्णपणे संगणकाने रचलेलं जग, आणि मधला सगळा पट्टा मिश्र वास्तवाचा. खऱ्या खोलीत खोटी जखम दाखवणारा पारदर्शक चष्मा या पट्ट्यात येतो. खोट्या बोगद्यात खरा पुतळा ठेवणारी रचनाही याच पट्ट्यात येते. वैद्यकीय प्रशिक्षणात या पट्ट्याचं आकर्षण का वाटावं, हे उघड आहे. संगणकाने रचलेलं जग डोळ्यांना आणि कानांना पटवून देतं, पण हाताला काहीच देत नाही. पुतळा हाताला बरंच देतो, पण त्याचा चेहरा पांढरा पडत नाही, तो कण्हत लांब सरकत नाही आणि त्याच्याभोवती अपघात घडलेला नसतो. दोन्ही एकत्र आणले तर एकाची उणीव दुसरा भरून काढील, अशी ही आशा आहे.

युरोपीय संघाच्या पैशावर २०२१ ते २०२४ या काळात झालेल्या मेडफर्स्टएमआर या प्रकल्पाने नेमकी हीच वाट धरली. ऑस्ट्रियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था त्याच्या अग्रभागी होती आणि अनेक देशांतल्या बचाव व रुग्णवाहिका सेवा सोबत होत्या. मोठ्या अपघातात पहिल्यांदा पोहोचणाऱ्या पथकाला खोट्या घटनास्थळी नेऊन तिथल्या जखमींमध्ये स्पर्श करता येण्याजोगा पुतळा बसवायचा, असा त्यांचा बेत होता. शिकणाऱ्यांच्या शरीरावरच्या संवेदकांवरून त्यांचा ताण मोजावा आणि प्रशिक्षकाने त्यानुसार प्रसंग सोपा-अवघड करावा, हाही त्याचाच भाग. आपत्ती व्यवस्थापनात काम केलेल्या कुणालाही हा बेत का हवासा वाटेल ते कळेल. पन्नास जखमींचा देखावा उभारायचा तर पन्नास माणसं, रंगरंगोटी, रिकामी जागा आणि दिवसभराची परवानगी लागते. आणि तो देखावा दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा पुन्हा उभा राहत नाही.

पण यातली खरी गोम समजून घ्यायला आधी १९६० सालात जावं लागेल.

तोंडाने तोंडात श्वास देऊन माणूस जगवता येतो, हे पीटर साफर या भूलतज्ज्ञाने १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोरमध्ये दाखवून दिलं. त्यासाठी स्वयंसेवकांना भूल देऊन, स्नायू शिथिल करून त्यांच्यावर श्वास देण्याचे प्रयोग झाले. हे तंत्र लोकांना शिकवायचं तर सरावासाठी माणूस वापरणं शक्यच नव्हतं. नॉर्वेतल्या स्टावांगर गावचे आस्मुंड लेर्डाल बाहुल्या आणि प्लॅस्टिकची खेळणी बनवत असत. त्यांनी मऊ प्लॅस्टिकची माणसाएवढी बाहुली घडवली. 'रिससी ॲन' या नावाने ती जगभर गेली. तिचा चेहरा घेतला होता पॅरिसमधल्या एका अनाम तरुणीच्या मुखवट्यावरून. ही तरुणी सेन नदीत बुडून मेली आणि शवागारात तिच्या चेहऱ्याचा साचा घेतला गेला, अशी आख्यायिका आहे. पुढे साफर यांच्याच सूचनेवरून बाहुलीच्या छातीत स्प्रिंग बसली आणि छाती दाबण्याचा सरावही तिच्यावर होऊ लागला.

ॲनचा चेहरा मरणाऱ्या माणसाचा वाटत नाही. ओठांवर पुसटसं हसू आहे, डोळे शांत मिटलेले आहेत. निळेपणा नाही, फेस नाही, उलटी नाही. दिसण्याच्या कसोटीवर ती सपशेल नापास होते. तरीही कोट्यवधी माणसं तिच्यावर शिकली, कारण तिच्या मानेत एक साधी गोष्ट बरोबर बसवली होती. डोकं मागे कलवलं नाही, तर हवा आत जातच नाही. नाक चिमटीत धरलं नाही, तर हवा नाकावाटे निसटते आणि छाती वर येत नाही. चुकीचं केलं की बाहुली ते चालवून घेत नाही, आणि हे तिला कुणाच्याही सूचनेशिवाय जमतं. साठ वर्षांपूर्वीच्या प्लॅस्टिकमधला हा खरेपणा आजच्या पुष्कळशा महागड्या यंत्रांत सापडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता मोजमापाकडे वळू. नवं यंत्र तयार झालं की सर्वांत सोपी चाचणी म्हणजे तज्ज्ञांना ते घालायला द्यायचं आणि एक ते पाच गुणांत विचारायचं: खरं वाटलं का? अशा चाचण्यांवर ढीगभर लेख छापून येतात. त्यांत बहुतेक वेळा सरासरी चारच्या आसपास असते आणि यंत्र पास होतं. या गुणांचं करायचं काय? नवलाईचे गुण त्यात मिसळलेले असतात, यजमानाचा मान राखण्याचेही असतात. आणि ज्याने पंधरा वर्षं रुग्णवाहिकेत काढली त्याचं मन उणीव आपोआप भरून काढतं. घाम दिसत नसला तरी त्याला तो आठवतो. नवशिक्याकडे आठवायला काहीच नसतं, आणि यंत्र तर नवशिक्यासाठी आहे.

प्रश्नावल्या याहून नेमक्या असतात, हे मान्य. आभासी जगात 'आपण तिथेच आहोत' असं किती वाटलं, हे मोजण्यासाठी बॉब विटमर आणि मायकेल सिंगर यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेली प्रश्नावली आजही वापरात आहे. पण २००० साली लंडनमधल्या संशोधकांनी अशा प्रश्नावल्यांची भारी परीक्षा घेतली. काही जणांना त्यांनी खऱ्या कार्यालयात एक वस्तू शोधायला लावली, काही जणांना त्याच कार्यालयाच्या संगणकी प्रतिकृतीत. मग दोन्ही गटांना सारख्याच प्रश्नावल्या दिल्या. खऱ्या खोलीत प्रत्यक्ष उभं राहून आलेली माणसं आणि प्रतिकृतीतून आलेली माणसं यांच्यातला फरक विटमर-सिंगर प्रश्नावलीला सांगता आला नाही. जी फूटपट्टी खरं आणि खोटं वेगळं काढू शकत नाही, तिच्यावर 'आमचं यंत्र खऱ्याच्या जवळ आहे' हा दावा कसा उभा करायचा?

या संशोधकांपैकी मेल स्लेटर यांनी पुढे एक उपयोगी फोड केली. आभासी जगात माणसाला दोन वेगवेगळे भास होतात. एक, 'मी या जागी आहे'. दुसरा, 'हे खरोखर घडतंय'. पहिला भास चित्र डोक्याच्या हालचालीबरोबर नेमकं हललं की होतो. दुसरा टिकतो तो समोरचं जग आपल्याला उत्तर देतं म्हणून. आपत्कालीन प्रशिक्षणात दुसऱ्याचं महत्त्व फार मोठं. 'काका, ऐकू येतंय का? हात दाबा माझा' असं विचारल्यावर आभासी जखमी छताकडे बघत तीच ठरलेली कण्हण्याची ध्वनिफीत वाजवत राहिला, तर बोगद्यातला धूर कितीही हुबेहूब असो, शिकणाऱ्याचं मन त्या जागेतून बाहेर येतं. मग तो रुग्णाशी बोलायचंच सोडून देतो. ही सवय घेऊन तो खऱ्या रुग्णाकडे जातो, हे मला सर्वांत घातक वाटतं.

काहींनी शब्दांवर विसंबण्यापेक्षा शरीराला विचारायचं ठरवलं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातला २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास यातला अभिजात म्हणावा असा. आभासी खोलीच्या मधोमध सुमारे २० फूट खोल खड्डा दाखवायचा आणि त्याच्या काठावर माणसाला उभं करून हृदयाची गती मोजायची. खऱ्या जमिनीवर संशोधकांनी जेमतेम दीड इंच उंचीची लाकडी फळी ठेवली. चित्रातल्या काठाशी ती जुळलेली होती. पावलाला खालची फळी आणि तिची कड जाणवली, की हृदयाची गती आणखी वाढत असे. चित्र तेच, खड्डा तोच, फरक फक्त दीड इंच लाकडाचा. मिश्र वास्तवाच्या बाजूने याहून बोलका पुरावा मला माहीत नाही. स्पर्शाचा एक छोटा खरा तुकडा योग्य जागी मिळाला की डोळ्यांना दिसलेल्या सगळ्याला वजन येतं.

मात्र हृदयाच्या गतीवर फार भिस्त ठेवता येत नाही. आपत्कालीन कामात माणूस वाकतो, पळतो, मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबतो. गती त्यानेच वाढते. हेडसेटची पट्टी सैल होऊन चष्मा नाकावर घसरला तरी वाढते. ताण आला एवढं यंत्राला कळतं, तो रुग्णामुळे आला की चष्म्यामुळे, हे कळत नाही. म्हणून खरेपणा जोखणाऱ्याने नुसते आकडे न बघता माणसाकडे बघायला हवं. हातमोजे आपणहून चढवले का? आभासी रक्ताच्या थारोळ्यावर पाय ठेवला की वळसा घातला? दोन जखमींच्या मधून जाताना नसलेल्या माणसाला पाय लागू नये म्हणून पाऊल उचललं का? या गोष्टी कुणी प्रश्नावलीत लिहीत नाही, कारण त्या आपण केल्या हे करणाऱ्यालाही आठवत नाही.

यापुढचा पुरावा जरा अंगावर येणारा आहे. टोरांटोमध्ये एडवर्ड मात्सुमोतो आणि सहकाऱ्यांनी वैद्यकीय शाखेच्या शेवटच्या वर्षाच्या ४० विद्यार्थ्यांना मूत्रवाहिनीतला खडा दुर्बिणीने काढायला शिकवलं. २००२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला मिळाली ३७०० डॉलरची हुबेहूब प्रतिकृती. दुसऱ्याला उलटा ठेवलेला पेला, रबरी नळी आणि पेय प्यायच्या नळ्या यांची वीस डॉलरची जोडणी. तिसऱ्या गटाने नुसतं व्याख्यान ऐकलं. परीक्षेत तिसरा गट मागे पडला. पहिले दोन गट मात्र बरोबरीने उतरले. दहा वर्षांनी जेफ नॉर्मन आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांचा धांडोळा घेतला. हृदयाचे आवाज ओळखणं असो, शस्त्रक्रियेची कौशल्यं असोत की अत्यवस्थ रुग्णाची काळजी, महागड्या हुबेहूब साधनाचा साध्या साधनापेक्षा मिळणारा जादा फायदा किरकोळच निघाला. २०१४ साली स्टॅनली हॅमस्ट्रा आणि सहकाऱ्यांनी तर सुचवलं, की साधन किती हुबेहूब आहे हे मोजणं थांबवा. साधनाचं दिसणं वेगळं मोजा, आणि करायच्या कामाशी त्याचा जुळलेला धागा वेगळा मोजा.

हे वाचून काही जण लगेच 'मग हेडसेटची गरजच काय' या निष्कर्षावर उडी मारतात. तो चुकीचा आहे. खडा काढण्याचं काम हाताचं आहे, त्यात पेल्याचा रंग निर्णयात येत नाही. पण मोठ्या अपघातात जखमींची वर्गवारी करताना दिसणं हीच माहिती असते. कोणत्या कामात कोणती खूण निर्णायक, हे काम उलगडूनच कळतं. म्हणून एक काम जवळून पाहू.

स्टार्ट ही वर्गवारीची पद्धत १९८३ साली कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीच इथल्या होग रुग्णालयाने आणि तिथल्या अग्निशमन दलाने तयार केली. एका जखमीला अर्ध्या-एक मिनिटापेक्षा जास्त वेळ द्यायचा नाही. आधी मोठ्याने हाक द्यायची: चालता येतंय त्यांनी तिकडे जा. चालणारे हिरवे. उरलेल्यांत श्वास आहे का? नसेल तर श्वासमार्ग मोकळा करायचा. तरी नाही आला तर काळी पट्टी, आला तर लाल. श्वास मिनिटाला तीसपेक्षा जास्त असेल तर लाल. मग रक्ताभिसरण. मूळ पद्धतीत दाबून सोडलेल्या नखाचा रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला तर लाल. थंडीत आणि अंधारात हे नीट कळत नाही, म्हणून पुढे मनगटाच्या नाडीला पसंती मिळाली. शेवटी, साधी आज्ञा पाळतो का? नाही पाळली तर लाल. सगळ्यातून पार झाला तो पिवळा.

आता या पायऱ्यांवर यंत्र तपासा. हाक दिल्यावर उठून चालणारे जखमी: इथे आभासी जग पुतळ्यापेक्षा शंभर पटीने सरस, कारण पुतळे उठत नाहीत. श्वासाचा वेग: आभासी छातीची हालचाल शर्टाच्या सुरकुत्यांसकट दिसली पाहिजे. हेडसेटमध्ये बारीक हालचाल पुसट होत असेल, तर शिकणारा श्वास मोजायचं सोडून अंदाज बांधायला शिकेल. श्वासमार्ग मोकळा करणं: इथे खरी मान हवी, तिला वजन हवं, ती कलवल्यावर आभासी मानही त्याच क्षणी कलायला हवी. नखाचा रंग: आभासी बोट दाबल्याचं यंत्राला कळलं तर दाखवता येतो, पण हातमोज्यातली बोटं कॅमेऱ्याला नीट ओळखता येतात का, हे आधी तपासावं लागतं. नाडी: फक्त पुतळा. आज्ञा: फक्त उत्तर देणारा आवाज. बोगद्याच्या भिंतींवरच्या टाइल्स, बसचं मॉडेल, ढगांचा रंग यांचा या यादीत कुठेच उल्लेख नाही. पैसे आणि मेहनत मात्र त्यांच्यावर सर्वाधिक जाते, कारण पाहुण्यांना दाखवताना तेच नजरेत भरतं.

पुतळ्याच्या नाडीविषयीही बोलायला हवं, कारण ती खरी असूनही खोटी असते. यंत्राने उडवलेली नाडी टणक आणि नियमित लागते, आणि नेहमी त्याच जागी. भरपूर रक्त गेलेल्या माणसाची नाडी बारीक दोऱ्यासारखी, जलद आणि निसटती असते. बोटं जरा जास्त दाबली तर ती नाहीशी होते. ज्याने फक्त पुतळ्याची नाडी पाहिली आहे, त्याला खऱ्या रुग्णात ती नाहीच असं वाटू शकतं. स्पर्श आहे म्हणून तो खरा आहे, असं धरून चालता येत नाही.

अशा चुकीच्या शिकवणीची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. काही पुतळ्यांत रक्तातला प्राणवायू कमी झाल्याचं दाखवायला ओठांजवळ निळा दिवा लागतो. विद्यार्थी काय शोधायला शिकतात? दिवा. माणसाचा निळेपणा राखाडी असतो, सावळ्या कातडीवर तो ओठांच्या आणि पापण्यांच्या आतल्या बाजूला बघावा लागतो. पुतळ्याची कातडी थंड आणि घामेजलेली नसते, म्हणून विद्यार्थी प्रशिक्षकाला विचारतो, 'सर, त्वचा कशी आहे?' आणि प्रशिक्षक सांगतो, 'गार, ओलसर.' असं पुन:पुन्हा झालं की हात लावून बघायची सवय जाऊन विचारायची सवय लागते.

मिश्र वास्तवाने यात आपल्या नव्या चुका आणल्या. पारदर्शक चष्म्यातून दिसणारी आभासी वस्तू म्हणजे खऱ्या दृश्यावर टाकलेला जादा प्रकाश. म्हणून तिथे काळा रंग दाखवता येत नाही, आणि उजेडाच्या खोलीत रक्त फिकट दिसतं. पहिल्या होलोलेन्स या अशाच चष्म्यातलं चित्र दृष्टीच्या मधोमध एका छोट्या चौकटीत मावत असे. मान थोडी वळवली की रुग्णाची जखम कापल्यासारखी अर्धी नाहीशी व्हायची. आणि हात जखमेवर ठेवला तर? यंत्राला हात जखमेच्या पुढे आहे हे नीट कळलं नाही, तर रक्त हाताच्या वर तरंगताना दिसतं. दाब देऊन रक्त थांबवणं हे आपत्कालीन कामातलं पहिलं कौशल्य. तिथे शिकणाऱ्याला आपलाच हात दिसत नसेल, तर बाकी सगळं व्यर्थ. कॅमेऱ्यातून खरं जग दाखवणाऱ्या हेडसेटमध्ये ही अडचण कमी, पण तिथे स्वतःचा हातही किंचित उशिरा पोहोचतो. तो उशीर वाढला तर सुई टोचायला गेलेला हात चाचपडतो आणि डोकं गरगरतं.

टूर्निकेटचं उदाहरण मला विशेष बोलकं वाटतं. मांडीतून धारेने रक्त जात असेल तर पट्टा आवळून दांडी पिळायची, आणि ती रक्त थांबेपर्यंत पिळायची. त्याला बरीच ताकद लागते आणि शुद्धीवर असलेला जखमी वेदनेने ओरडतो. नवखी माणसं इथेच थांबतात, कारण आपण इजा करतोय असं त्यांना वाटतं. नुसत्या आभासी जगात हे सगळं बटण दाबून होतं. क्रम पाठ होतो, ताकद आणि धीर शिकायचे राहतात. पुतळ्याच्या मांडीत दाब मोजणारा संवेदक बसवला, खरा पट्टा खऱ्या हाताने पिळायला लावला, पुरेसा दाब आल्यावरच आभासी धार थांबवली आणि तोवर जखमी ओरडत राहिला, तर मात्र मिश्र वास्तव असं काही देतं जे दोन्हीपैकी एकट्याला देता येत नाही. ॲनच्या मानेतला तोच जुना नियम इथे नव्या साधनात परत येतो.

आपल्याकडे या सगळ्याचा संबंध काय, तर बराच आहे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली आणि तिच्या गाड्यांवर डॉक्टर नेमले गेले. राष्ट्रीय वैद्यकीय अभ्यासक्रमात २०१९ पासून कौशल्य प्रयोगशाळा आल्या, म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयांना पुतळे आणि साधनं घेणं भाग पडलं. साधनं विकणारे साहजिकच दारात येतात आणि दाखवतात ते सर्वांत चकचकीत दृश्य. खरेदी समितीवर बसलेल्या प्राध्यापकांना मी मनापासून सांगेन: तुम्ही स्वतः हेडसेट चढवून मत बनवू नका. घाटात रात्री अपघात हाताळलेला १०८ वरचा डॉक्टर बोलवा, आणि सोबत ज्याने अजून एकही जखमी पाहिलेला नाही असा विद्यार्थी. दोघांना एकच प्रसंग द्या. अनुभवी माणूस आणि नवखा यांच्या निर्णयांत फरक पडला पाहिजे. नवखाही तेवढेच गुण मिळवत असेल, तर ते यंत्र अनुभवाची परीक्षाच घेत नाही. अनुभवी माणूसच हरत असेल, तर बहुधा यंत्राने त्याच्या हातातल्या खुणा काढून घेतल्या आहेत. आणि ही चाचणी हातमोजे घालून, मे महिन्यात, पंखा बंद करून घ्या. चष्म्याच्या काचेवर वाफ धरते का, ते तेव्हाच कळतं.

भाषेचाही प्रश्न आहे. आभासी जखमी इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये कण्हत असेल, तर आज्ञा पाळतो का हे तपासण्याची पायरी इथे निकामी होते. 'काकू, डोळे उघडा, हात वर करा बघू' याला मराठीत, हिंदीत, अर्धवट शुद्धीत, अर्धवट शब्दांत उत्तर देणारा रुग्ण हवा. त्वचाही आपल्या माणसांची हवी, कारण पांढरं पडणं गोऱ्या चेहऱ्यावर शिकलेला डोळा आपल्या कातडीवर फसतो.

शेवटी कसोटीचा जो मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो तो सांगतो. यंत्रात काय काय आहे याची यादी करण्यापेक्षा एकेक गोष्ट काढून घेऊन बघावं. आवाज बंद करा आणि वीस जखमींच्या पट्ट्या पुन्हा लावून घ्या. निर्णय बदलले का? चेहऱ्याचा रंग सगळ्यांचा सारखा करा. नाडी बंद करा. टाइल्स काढून भिंती कोऱ्या करा. जी गोष्ट काढल्यावर निर्णयांत काहीच फरक पडत नाही ती फक्त सजावट होती, आणि तिच्यावरचा खर्च दुसरीकडे वळवता येतो. तसंच आभासी मनगट पुतळ्याच्या मनगटापासून मुद्दाम थोडं थोडं सरकवत न्या: अर्धा सेंटिमीटर, एक, दीड, दोन. कुठवर प्रशिक्षणार्थी तक्रार न करता बोटं स्वतःच सरकवून नाडी शोधतात, कुठपासून त्यांना ती सापडेनाशी होते आणि कुठपासून ते नाडीचा नादच सोडून पट्टी बांधू लागतात, याची नोंद ठेवा. सत्र चालू असताना मनगटांमधलं अंतर मोजून ते या मर्यादेपलीकडे गेलं, तर त्या जखमीची पट्टी गुणांत धरू नये. बोगद्यातल्या त्या मुलीचा एक गुण तिला परत द्यावा लागेल.